तीन गाठी

गोंदियाच्या फलाटासमोर मालगाडी उभी होती. माझ्या बाकावर रेल्वेतून रिटायर झालेले जीवनलाल आणि त्यांची बायको धनवंता बसले होते.

“इतकं वाकून काय पाहून राहिले जी?” धनवंतानं विचारलं.

“डब्यांच्या जोडातली पिन. नवीन आहे. खाली बसली का आपोआप लॉक होते. कितीही दचके बसू दे, वर येत नाही.”

“आधीची येत होती?”

“हो. सालेकस्याच्या चढावर जोड सुटला तर मागचे डबे उलटे धावतीन. म्हणून मी पिन धानाच्या पोत्याच्या सुतळीनं बांधत होतो. तीन गाठी.”

“म्हणून घरात सुतळी टिकत नोहती.”

“बनवणाऱ्याचं डोकं पाह्य. मानलं त्याले.”

“तुमची गाठ कधी सुटली?”

“चौतीस वर्सांत एकही नाही.”

“मंग नवी पिन कायले बनवली?”

“मी रिटायर झालो ना.”