मागचे घोडे जाईपर्यंत

परवा इथे आखातात, राई भागातल्या आमच्या गोदामात मी शिडीवरून पडलो, ते तुमच्या कानावर आलंच असेल. लागलं नाही फारसं. पण पडल्यावर उठलो नाही, त्याचीच चर्चा जास्त.

तरुणपणी मी जॉकी होतो ना, अडथळ्यांच्या शर्यतींत, कुंपणांवरून घोडा उडवत न्यायचा. चार वर्षांत जिंकलो दोनदा, पडलो किती ते विचारू नका. उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पडलास की उठायचं नाही. डोकं हातांत, गुडघे पोटाशी, आणि मागचे घोडे जाईपर्यंत तसंच पडून राहायचं."

तर शिडीवरून सुटलो आणि अंग आपोआप गोळा झालं. रत्नागिरीचा आमचा इकबालभाई धावत आला.

"दत्ता, ऊठ. मॅनेजर बघतोय. पुढच्या महिन्यात तुझा इथं राहायचा इकामा रिन्यू व्हायचाय, त्याला निमित्तच हवंय."

"थांब. सगळे जाऊ देत."

"कोण सगळे?"

"मागचे घोडे."

इकबालभाई मॅनेजरकडे वळून हिंदीत म्हणाला, "सर, सर पे लगा है."

मला दोन दिवस घरी बसवलंय. इकाम्याचं काय होतंय ते बघू.

आता तुम्ही म्हणून सांगतो. गोदामात घोडे नाहीत हे मला दुसऱ्याच क्षणी कळलं होतं. पण बावीस वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळेत आडवा झालो होतो. म्हटलं, नसलेले का होईना, घोडे जाऊ देत आधी.