पाचवा उद्गार

…आणि वर मलाच म्हणतात, "शांतवनभाऊ, तुम्ही मागच्या बाकावर बसून प्रार्थना करा, तीसुद्धा सेवाच आहे." मागच्या बाकावर! तुम्हाला सांगतो, रेल्वेतनं रिटायर झालो त्याच दिवशी ठरवलं होतं, आता उरलेलं आयुष्य देवाच्या सेवेला. देवाची हरकत नाही, माझी नाही, मग आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्याच पोटात का दुखावं? अहो, माणसाची तळमळ बघायची का नाही?

गायनात गेलो. तिथं पेटी वाजवणारी कोमल आहे, गुणी पोरगी, दोन-तीन रविवार गप्प बसली आणि मग म्हणते, "काका, तुम्ही नुसते ओठ हलवा ना, छान दिसता." बरं, गायन सोडलं, संडे स्कूल घेतलं. अब्राहाम पोटच्या पोराला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगरावर नेतो ती गोष्ट मी अशी रंगवली, अशी रंगवली, की चर्च सुटल्यावर पोरं बापाबरोबर घरी जायला तयार होईनात. तेही गेलं. मग प्रीतिभोजनाला जेवणाआधीची प्रार्थना मागून घेतली. आजाऱ्यांपासून सुरुवात केली, मावळ तालुका घेतला, घाटातले ट्रकवाले घेतले, दोन्ही सरकारं घेतली… आमेन म्हणून डोळे उघडतो तर मटणाच्या पातेल्यात चरबी थिजलेली, आणि आमचे शमुवेल मास्तर जेवून, हात धुऊन, दात कोरतायत. पाळकसाहेब म्हणाले, "भाऊ, जरा बेतानं." आता तळमळ काय बेतानं करायची गोष्ट आहे?

पण माझा खरा डोळा होता उत्तम शुक्रवारावर, म्हणजे तुमच्या गुड फ्रायडेवर. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. त्या दिवशी आमच्यात बारा ते तीन उपासना असते. प्रभू वधस्तंभावरनं सात वाक्यं बोलला, ते सात उद्गार. एकेका उद्गारावर मंडळीतला एकेक माणूस व्यासपीठावर चढून संदेश देतो. मान असतो तो! पहिला उद्गार क्षमेचा, तो वर्षानुवर्षं शमुवेल मास्तरांकडं. क्षमेवर बोलता बोलता त्यांनी कुणाकुणाला क्षमा केली ते नावासकट सांगतात, आणि ती माणसं समोरच बसलेली असतात. ते चालतं. माझी तळमळ तेवढी चालत नाही.

मी पाळकसाहेबांचा पिच्छाच पुरवला. शेवटी गेल्या वर्षी कंटाळून म्हणाले, "पाचवा घ्या. 'मला तहान लागली आहे.'" सगळ्यात छोटा उद्गार, म्हणजे नुकसानही कमी, असा त्यांचा हिशेब. आणि वर बजावलं, "पण भाऊ, या वेळी बिघडलं तर व्यासपीठ कायमचं बंद, बरं का." आयुष्यात एकदा वर उभं राहून बोलायचं होतं हो मला, एकदाच.

मग तयारी. संदेश तोंडपाठ केला. पण म्हटलं, तहानेवर बोलायचं तर ती अंगी नको भिनायला? गुरुवारी संध्याकाळचं प्रभूभोजन झालं आणि मी पाणी बंद केलं. बायको, सारिका, तांब्या घेऊन मागं मागं. "अहो, प्रभूला तहान लागली तेव्हा त्यानं तसं सांगितलं तरी. तुमचं भलतंच." आता तिला काय कळणार तळमळ.

दुसऱ्या दिवशी निघालो. आणि आमचा उत्तम शुक्रवार म्हणजे मुंबईकरांचा लाँग वीकेंड! वलवणपासनं गाडीला गाडी चिकटलेली. रिक्षा सोडून भर उन्हात चालायला लागलो. रस्त्याला रसवंती, घुंगरं वाजतायत, बर्फ फुटतोय. उपाशी प्रभूला सैतान नुसता धोंड्याच्या भाकरी कर म्हणाला होता, माझ्यापुढं त्यानं आलं-लिंबू घालून ग्लास भरला. तेवढ्यात गाडीतनं एकजण, "अंकल, टायगर पॉइंट किधर है?" माझी जीभ सुटेना, मी हात वर केला, तर ते बिचारे आभाळाकडं बघायला लागले.

चर्चमध्ये पोचलो. मास्तरांची क्षमा लांबलेली, पुढचे तिघं जमेल तसं रेटत होते. मग माझं नाव आलं. वर चढलो, सगळी मंडळी समोर, आणि वाचलं, "मला… तहान… लागली आहे." आवाज असा आला की माझा मीच दचकलो. पुढं? पुढं काही नाही! जीभ टाळूला चिकटली ती चिकटली. संदेश आत तोंडपाठ, बाहेर येईना. दोन्ही हातांनी समोरच्या कठड्याचं लाकूड धरून उभा, डोळ्यांपुढं काजवे. म्हटलं, संपलं. गेलं व्यासपीठ. आणि मला खरंच रडू आलं.

तर समोर भाजे गावच्या नंदाबाईंचा हुंदका. मग शेजारचीचा. मग सगळं चर्च मुसमुसायला लागलं. चक्कर आली म्हणून मी खाली येऊन बसलो, तर पाळकसाहेब डोळे पुसत म्हणतात, "भाऊ, इतक्या वर्षांत असा संदेश ऐकला नाही." अहो, संदेश अजून सुरू व्हायचा होता! पण सांगणार कसं? बाहेर नंदाबाईंनी हात धरले, "लय भारी बोल्लासा वो भाऊ, काळजाचं पानी झालं." पाण्याचं नाव निघालं तसा मी नळाकडं पळालो.

यंदा पाळकसाहेब स्वतः घरी आले. "पाचवा तुमचाच." मी म्हटलं, संदेश तयार आहे, या वेळी पाणी पिऊन येतो, गेल्या वर्षीचं राहिलेलं सगळं बोलतो. त्यांच्या हातातला कप थांबला. "नको, भाऊ. तेवढं वाक्य वाचा आणि उभे राहा." लागलं हो मनाला. वराळ्याच्या नव्या मंडळीचाही फोन आला. मी हरखून विचारलं, कशावर बोलू? तर तिकडनं सेक्रेटरी, "बोलणारे आमच्याकडं पुष्कळ आहेत, भाऊ. तुम्ही फक्त या."

जाणार आहे. न जाऊन करतो काय, तळमळ आहे ना! पण तुम्हीच सांगा, आयुष्यभर देवासाठी बोलायला धडपडलो, आणि देवाला माझ्यातलं आवडलं काय, तर मी गप्प असतो ते.