कायमच्या मुकादमाचा कोट

— हलू नकोस रे दादा, टाचणी लागेल. हात वर कर. हां. तर मालक म्हणाले, आता निवडणूक कशाला — आणि तू काय म्हणालास? काहीच नाही? सख्ख्या बहिणीपुढे तरी अशी मान खाली घालू नकोस, वहिनीनं सकाळीच फोनवर सगळं सांगितलंय — आजपासून तू कायमचा मुकादम, संध्याकाळी सत्कार, भाषण. आणि त्यासाठी हा कोट सैल करून द्यायचा कुणी, तर मी! पोट सुटलंय ना तुझं.

पत्र्याच्या शेडमध्ये शिवत होतो तेव्हाचं आठवतं का? डोक्यावर पंखा नाही, पगाराचा पत्ता नाही, पण वर्षातून एकदा मुकादम निवडायला एकेकजण पडद्यामागे जाऊन डब्यात बटण टाकायचा — पांढरं तुला, काळं त्या मिशीवाल्या कटरला. एकदा आपटलास, चार दिवस धड जेवला नाहीस, पण खुर्ची सोडलीस गुपचूप. मग मोठी ऑर्डर आली नि तूच म्हणालास — यंदा डबा राहू दे, आधी पोटं भरू देत, पोट भरलं की माणूस आपोआप तोंड उघडतो, मग कोण अडवतंय आपल्याला? मला पटलं. का नाही पटणार, तू सांगत होतास! आता एसी आलाय, कँटीन आलंय, राहायला हे फ्लॅट आलेत — आणि तोंड? परवा मशीनवरच्या बायकांना विचारलं, बटणांचा डबा परत मागायचा का? तर म्हणतात, ताई, फ्लॅट कंपनीचा आहे, कशाला विषय काढतेस! शेडमध्ये ह्याच बायका मालकाच्या तोंडावर बोलायच्या — तेव्हा जाणार काय होतं त्यांचं? भरल्या पोटी माणूस जास्त घाबरतो, हे तुला ठाऊक होतं ना? तेव्हापासूनच? — बोल की!

बरं, कॉलर वर घे. मला आपलं वाटत होतं, यंदा तू स्वतः डबा बाहेर काढशील, आणि मग मी — काही नाही, सरळ उभा राहा. — अरे, मी उभी राहणार होते! तुझ्याविरुद्ध. भाषणसुद्धा करून बघितलं, दार लावून, आरशापुढे. पडले असते, मलाही कळतं. पण माझं नाव घेऊन कुणीतरी एक बटण टाकलं असतंच ना? फसवलंस मला, दादा.

हसतोस?

काढ तो कोट. टाचण्यांसकट दे इकडे — नाही, तसाच घेऊन जा, दुसरा शिंपी बघ. वहिनीला सांग, बहिणीला जमलं नाही. जा, लिफ्टनं जा. आणि दार ओढून घे.