पाळीतलं भोक

उमराव : हा लोटा पाय. सकाळी धरला तवा पानी साफ होतं. आता पाय.

रेणू : माती आहे मामाजी. तीन दिवसांपासून पाऊस लागून राहिला, माती नाही येणार तं काय येणार?

उमराव : वरून आलेलं नोहे हे. पाळीच्या पायथ्याशी धरलं. साफ पानी झिरपते तवर तलावाच्या पाळीले भेव नाई. गढूळ आलं म्हनजे आतली माती वाहून राहिली.

रेणू : याच्यासाठी बोलावलं मला? तहसीलची मीटिंग सोडून आली मी.

उमराव : याच्यासाठीच. तू सरपंच होय.

रेणू : आज आठवलं. निवडणुकीत घरच्याच सुनेविरुद्ध दारोदार फिरत होते तुम्ही. रेणूच्या पॅनलनं पाणपट्टी माफ केली तं पाळ फुटंल, असं सांगत होते. मागच्या पावसाळ्यातही हेच ओरडले. फुटली?

उमराव : आज फुटंल.

रेणू : असं नका बोलू.

उमराव : मले हौस आहे का? ते काठी दिसते? सकाळी रोवली मी. तवा बोटाएवढी धार होती. आता मांडीएवढी आहे.

रेणू : तुडुमाचं दार उघडा मग. सोडून द्या पाणी पाटात.

उमराव : पुरं उघडलं. सांडवाही भरभरून चालला. तरी तलाव उतरत नाई.

रेणू : अरे बापा.

उमराव : तरी सांगत होतो. पट्टी बंद केली, माहं पानकराचं मानधन बंद केलं. पाळीवरचे झुडपं कोन तोडंल? भोकं कोन बुजवंल? तुहा पक्ष?

रेणू : अकरा वर्षं पट्टी घेतली ना तुमच्या पॅनलनं? काय केलं तिचं? गावाच्या तोंडावर कमान बांधली. कमानीखालून काय पाणी जाते का शेतात?

उमराव : कमानीच्या कामावर चाळीस मानसं लागले होते. गावचे. तुह्या राज्यात पोरं हैदराबादले जाऊन राहिले.

रेणू : कमान झाल्यावर ते चाळीस कुठं गेले? तेही हैदराबादलाच गेले. लोकांच्या हातात पैसा राहिला तं लोक धंदा टाकतील, असं आम्ही म्हटलं. अन् धानाची गिरणी आली की नाही?

उमराव : आली. सहा मानसं कामावर, त्यातले चार बालाघाटचे.

रेणू : अन् मामाजी, तुम्हाला पाळीची एवढी फिकर होती तं...

उमराव : चूप.

रेणू : काय झालं?

उमराव : ऐकलं का? आतमंधून आवाज आला. मातीचा लोंदा पडला. इकडे सर, सांडव्याच्या काठच्या दगडावर उभी राह्य.

रेणू : मामाजी, खाली टोली आहे.

उमराव : पस्तीस घरं.

रेणू : खुशी तिथं अंगणवाडीत आहे.

उमराव : मले मालूम नाई का? माही नात होय ते. नाल्याच्या रपट्यावरून कमरेएवढं पानी चाललं, नाही तं मीच गेलो असतो. म्हनून तुले बोलावलं. तुह्या मतांची टोली होय. तुहं ऐकतील.

रेणू : थांबा, अंगणवाडीच्या रुख्माला फोन लावते. लागत नाही... लागला. रुख्माबाई, मी रेणू. खुशी ठीक आहे?

रुख्मा : (फोनवर) खिचडी खाऊन झोपली. अंगनवाडीत आठ लेकरं हायेत. काऊन?

रेणू : सगळ्यांना घेऊन शाळेच्या टेकडीवर चढा. टोलीत सगळ्यांना सांग. पाळ फुटायची आहे.

रुख्मा : कोन म्हनते?

रेणू : मी म्हणते. पाळीवर उभी आहे मी.

रुख्मा : आन संगं कोन हाये? तुमचे मामाजी ना? बाई, त्याइचं दरसालचं हाये. मागच्या साली आमी रातभर टेकडीवर बसलो, सुशिलाबाईच्या लेकराले निमोनिया झाला. तवा तुमीच म्हनलं होतं ना, का विरोधकाइच्या अफवेवर इश्वास ठेवू नोका?

रेणू : म्हटलं होतं. आता मी सांगते ना.

रुख्मा : तुमी घरच्या सूनबाई. सासऱ्यानं भेव घातलं का तुमी भेल्या. मी जाईन लेकरं घेऊन, पन टोली निंघनार नाई. आता कुठं धानाचा रोवना झाला, लोकं थकून झोपले हायेत.

रेणू : तू लेकरं तरी काढ. आत्ता काढ.

उमराव : काय म्हनते?

रेणू : टोली नाही निघणार म्हणते. तुमचं राजकारण आहे म्हणते. मीच शिकवलं तिला तसं.

उमराव : मंग एकच गोष्ट सांगतली तं निघतील.

रेणू : कोणती?

उमराव : ते भोक मी पाह्यलं होतं.

रेणू : कोणतं भोक?

उमराव : हेच. बैसाखात, पानी खाली गेलं होतं तवा. खेकड्यानं केलेलं. मूठ जाईल एवढं. दोन टोपले चिकन माती आन अर्ध्या दिवसाचं काम.

रेणू : मग?

उमराव : नाई बुजवलं.

रेणू : काऊन?

उमराव : मानधन बंद झालं होतं. फुकटात कायले करू म्हनलं. तीस वर्षं पाळीवर चाललो मी, कोनी विचारलं नाई. वाटलं, थोडं झिरपंल, धानाच्या दोन बांध्या खराब होतील. लोकं तुह्या दारात येतील आन तू माह्याकडे येशील. मंग चार मानसांत सांगीन, पट्टी कायले पाह्यजे ते.

रेणू : थोडं.

उमराव : थोडंच म्हनलं होतं रेणू. दरवर्षी पाऊस असा नाई येत.

रेणू : तुम्ही रोज सकाळी खुशीला अंगणवाडीत सोडता. त्याच रस्त्यानं जाता.

उमराव : हो.

रेणू : काय बोलू मी तुम्हाला? अन् मी तरी कोण? रोजगार हमीचं काम पाळीवर टाका म्हणून इंजिनिअर सांगत होता. मी पांदण रस्त्यावर टाकलं. पक्षाचे लोक म्हणाले, रस्ता लोकांना दिसते, पाळीत टाकलेली माती कोणाला दिसत नाही.

उमराव : ते तुहं तू ग्रामसभेत सांगजो. आता भैय्यालालले फोन लाव. ग्रामपंचायतीचा भोंगा टोलीपावेतो ऐकू जाते. फोन माईकसमोर धर म्हना त्याले, मी बोलतो.

रेणू : लोक तुम्हाला गावात राहू देणार नाहीत मामाजी.

उमराव : म्हनूनच निघतील. राजकारनासाठी मानूस दुसऱ्याच्या तोंडाले काळं फासते, सोताच्या नाई.

रेणू : मग माझंही सांगा. दोघांचं सांगा.

उमराव : नोको. दोघांचं सांगतलं तं लोकं तिथंच उभे राहून कोनाचा दोष जास्त हे ठरवत बसतील. लाव फोन.

रेणू : भैय्यालाल, माईक सुरू कर. बॅटरीवर कर. फोन समोर धर अन् मध्ये बोलू नको. ... बोला मामाजी.

उमराव : टोलीच्या लोकांनो, मी उमराव पानकर बोलतो. पाळीत भोक पडलं. मी बैसाखात पाह्यलं होतं. जानून बुजवलं नाई, पॅनलच्या रागानं. चूक माही होय, सरपंचाची नोहे. आता गढूळ पानी येऊन राहिलं. सामान घेऊ नोका. ढोरं सोडून द्या. लेकरं, म्हातारे घ्या आन टेकडीवर चढा. मले मारायचं असंल तं उद्या मारा. आज निघा.

रेणू : पुन्हा बोला.

उमराव : मी उमराव पानकर बोलतो. पाळीत भोक...

रेणू : मामाजी, काठी गेली.

उमराव : निघा. निघा रे बापा.

रेणू : फोन द्या इकडे, रुख्माचा येऊन राहिला. बोल रुख्मा. कुठं आहेस?

रुख्मा : (फोनवर) टेकडीच्या अर्ध्यावर. आठही लेकरं संगं हायेत. खुशी माह्या कडेवर हाये, रडून राहिली. बाई, भोंग्यावर म्हातारा बोलला ते खरं होय?

रेणू : खरं होय.

रुख्मा : सोताच्या तोंडानं बोलला?

रेणू : माझ्यासमोर बोलले. मागं नको पाहू, चढत राहा. फोन ठेवू नको.

उमराव : काय म्हनते? लोकं काय करून राहिले?

रेणू : शिव्या देऊन राहिले तुम्हाला.

उमराव : आन?

रेणू : अन् निघून राहिले.