किसन्याच्या खिशातलं रबर

आमचा किसन्या हाटेलातला चहासुद्धा आधी हुंगून पितो, मग मिस्त्रीच्या हाती गाडी देताना काय करीत आसंल सांगा! त्या दिवशी त्याला बाराच्या आत गेवराईला पोरीसाठी स्थळ बघायला पोचायचं होतं, अन् त्याची जुनी मोटारसायकल तेलगावातच भुर्र करून बंद पडायला लागली.

रफिक मिस्त्रीनं इंजिन आणि कार्बोरेटरच्या मधलं रबर काढलं, पेट्रोलनं धुऊन दाखवलं. "चाचा, चीर पडली. हवा खातंय. नवं टाकावं लागंल."

संग आलेला मी किसन्याच्या कानाला लागलो, "नजर हटली की जुनंच बसवतेत बरं का."

झालं! किसन्यानं जुनं रबर एका खिशात घातलं, मिस्त्रीनं दिलेलं नवं दुसऱ्यात, अन् मिस्त्रीच्या हाताकडं टक लावून उकिडवा बसला. टाकीखाली डोकं घातलेल्या मिस्त्रीनं हात मागं केला, "द्या चाचा." किसन्यानं नजर न हलवता खिशातलं रबर काढून दिलं.

किक मारली. गाडी पुन्हा भुर्र करून बंद!

"तिकडं पाव्हणे वाट बघायलेत अन् तू जुनंच बसवलंस बे!" किसन्या गरजला.

मिस्त्रीनं उघडलं, तर खरंच चिरलेलं रबर. तो म्हणाला, "तुमीच दिलतं चाचा. दुसरा खिसा बघा."

किसन्यानं खिशातनं कोरं रबर काढलं, उलटंपालटं करून पाहिलं अन् माझ्याकडं वळला, "बघितलंस? मी एवढा डोळ्यात तेल घालून बसलतो, तरी यानं हे माझ्या खिशात कवा सरकवलं, कळलंबी न्हाई!"