मोरीवर वाळत घातलेला फिल्टर

घरी इंजिन खोललंत तर धुतलेला फिल्टर मोरीच्या कट्ट्यावर वाळत घालू नका. मी घातला होता. माझ्या डर्ट बाइकचा हवेचा फिल्टर म्हणजे साधा काळा स्पंज, पण तो नसेल तर नागावची वाळू थेट इंजिनात जाते. तासाभरात किनाऱ्यावर शर्यत, आणि फिल्टर गायब. सगळं घर पालथं घातलं. शेवटी आईला विचारलं, "इथला काळा स्पंज पाहिलास?"

"ती घासणी व्हय? लई बरी हाय. कालवणाचं करपलेलं पातेलं लख्ख निघालं."

तोच पिळून, तेल लावून बसवला. शर्यतभर सीटखालून बांगड्याचा वास येत होता. शर्यतीनंतर तो धुवायला काढला, तर आईनं पुन्हा भांड्यांना लावला. परवा नवे फिल्टर आणले, तेव्हा आई म्हणाली, "मला नको. माझा अजून चांगला हाय."

माझाच होता तो.