फ्रिजवरच्या गोळ्या

हॅलो? … हो, वासंतीच बोलतेय. … अगंबाई, विहीणबाई! बोला ना.

… नाही, जेवणं व्हायचीत अजून. कुकर झालाय, ऋजुता काकडी कोचवतेय. बोला.

… हो, हॉलवाल्याशी बोलणं झालं. पुढच्या महिन्यातली तारीख पक्की आहे. … का? … थांबवू? म्हणजे?

… कुणी सांगितलं? तुमच्या बंधूंनी? … हो, आठवतात ना दीनानाथराव. साखरपुड्याला माझ्या घरी आले आणि जिलब्या बांधून मिळतील का विचारत होते, तेच ना?

… हात धुवायला आत आले होते, बरं. … आणि? … हो, फ्रिजवर टोपली आहे. … हो, गोळ्यांचं पाकीट. … काय काढला? फोटो?

… माझ्या स्वयंपाकघरात येऊन, माझ्या टोपलीतल्या गोळ्यांचा फोटो?

… अहो, मेडिकलचं दुकान आहे म्हणून काय झालं! उद्या प्लंबर पाहुणा आला तर माझी मोरी उघडून बघेल?

… हो. मेटफॉर्मिन. … हो, डायबेटिसला देतात. … हो, पण… ऐका ना… अहो, मला बोलू द्याल का? … ऋजुताला डायबेटिस नाही. … नाही म्हणजे नाही. … मग कशाला म्हणजे? तिच्या चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी.

… हसा. हसून घ्या. मी थांबते.

… झालं? … हो, मुरुमांसाठीच. मलमं झाली, साबण बदलून झाले. तुम्ही पाठवलेलं मसुराच्या डाळीचं पीठही लावून झालं. चेहऱ्याची आग आग झाली पोरीच्या, पण तुम्हाला एका शब्दानं बोलली नाही. … पोट? रोज साफ होतं. चौकशीबद्दल आभारी आहे.

… दीनानाथराव काय म्हणतात ते नका सांगू. ते गोळ्या विकतात, देत नाहीत. देतात त्या डॉक्टर.

… समजावून सांगू? वेळ आहे ना तुम्हाला? शाळेत विज्ञान शिकवलंय मी, जन्मभर मठ्ठ पोरांना समजावलंय, तुम्हालाही समजावीन. … बरं. आपण जेवलो की रक्तात साखर येते. ती जिथं हवी तिथं पोचवायला इन्सुलिन लागतं. ऋजुताचं शरीर त्या इन्सुलिनला नीट दाद देत नाही. … ऐकताय ना? … मग शरीर काय करतं, आणखी इन्सुलिन सोडतं. साखर राहते ताब्यात, पण जादाचं इन्सुलिन भलतीकडे उद्योग करतं. बीजकोशांना चिथावतं. तिथं पुरुषी हार्मोन वाढतं, त्वचेला तेल सुटतं, रंध्रं बुजतात, हनुवटीवर मुरूम येतात. पाळी मागंपुढं होते. ही गोळी त्या इन्सुलिनला जागेवर आणायला. झालं.

… पुरुषी म्हटल्यावर एवढं दचकायला काय झालं? प्रत्येक बाईत थोडं असतं ते. तुमच्यातही आहे. … अपमान कसला, शरीरशास्त्र आहे. … नाही हो, दाढी नाही येणार तिला. तुमच्या श्रीधरला तरी कुठं धड येते?

… शुगर तपासलीय. रिपोर्ट आहेत. नॉर्मल. … पुढं होईल का? होऊ शकतो, म्हणून तर आतापासून काळजी घेते. पहाटे चालायला जाते, गोड सोडलंय. स्वतःच्या साखरपुड्याची बासुंदी तिनं चाखली नाही. तुम्ही मात्र वाटीवर वाटी घेतलीत. … हो, मला माहितीय तुम्हाला शुगर आहे. हीच गोळी तुमच्याही पर्समध्ये असेल. दीनानाथरावांनी उगाच नाही झटक्यात ओळखली! पण मी वाढत राहिले, फोटो नाही काढला.

… मुलं? होतात की. डॉक्टरांना विचारलंय आम्ही. … लिहून? … कागदावर? … अहो, मग श्रीधरचंही लिहून आणा. इथं काय तुम्ही मिक्सर घेताय, वॉरंटी मागायला?

… काय? … मोडायचं?

… थांबा. … थांबा हो, ठेवू नका. … चुकलं माझं. बासुंदीचं बोलायला नको होतं. … हो, मिक्सरचंही. … विहीणबाई, ऐका. ऋजुताचा फार जीव आहे श्रीधरवर. त्याचा फोन आला की हातातलं टाकून गॅलरीत पळते. माझ्या जिभेपायी तिचं काही बिघडायला नको. … हो, तिखटच आहे. माझे हे जाईपर्यंत हेच म्हणत होते.

… तपासणी? करू पुन्हा. तुम्ही म्हणाल त्या लॅबमध्ये. … दीनानाथरावांसमोर? … बरं. … बरं म्हटलं ना. बसू देत समोर खुर्ची टाकून.

… गोळी बंद? … लग्नापर्यंत? लोक बघतील म्हणून? … नाही, कुमुदताई, ते नाही जमायचं. … अहो, गोळी थांबवली की सगळं पुन्हा सुरू होईल, आणि मग बोहल्यावर मुरूम मोजायला तुम्हीच पहिल्या! … डॉक्टर म्हणतील तेव्हा बंद करू, दीनानाथराव म्हणतील तेव्हा नाही.

… लपवलं? फ्रिजवर ठेवलेली वस्तू लपवलेली असते? लपवायचं असतं तर तुमच्या भावाला सापडलं असतं का? … फसवणूक कसली? कुणाची? …

… एक मिनिट, ऋजुता काहीतरी म्हणतेय. … काय गं? … अगं, हळू बोल, फोन चालू आहे. … कुणाला? … त्याला माहितीय? … कधीपासून? … अगं, मग इतका वेळ मला बोलू का दिलंस! … हो, हो… अगं ऐक ना, सांगते मी त्यांना. तू बस.

… हॅलो, कुमुदताई? ऐका. श्रीधरला सगळं माहीत आहे. … लग्न ठरायच्या आधीपासून. खडकवासल्याला भेटले होते दोघं, तेव्हाच तिनं सांगितलं. … नंतर डॉक्टरांकडे तोच घेऊन गेला होता तिला. तुमच्याच स्कूटरवरून. अहो, गोळी जेवल्यावर घ्यायची, ही आठवण तो तिला रोज मेसेज करून देतो.

… खोटं? मग विचारा की त्याला. घरीच आहे ना? टीव्ही ऐकू येतोय मला. … बंद करायला सांगा आणि द्या त्याला. … मी स्पीकर लावते, हिलाही ऐकू दे.

… हॅलो, श्रीधर? वासंतीकाकू बोलतेय. … बरी आहे रे. एकच विचारायचंय. ऋजुताच्या गोळीचं तुला माहीत होतं ना?

… हॅलो? … आई शेजारी उभ्या आहेत का? … असू देत. तू फक्त हो म्हण. पुढचं सगळं मी बघते. … अरे, नुसतं हो.

… काय म्हणालास? … पुन्हा सांग, नीट ऐकू आलं नाही.

… तुला काही कल्पना नव्हती.

… बरं. … बरं, श्रीधर. … नाही, काही नाही. आईला दे.

… हां, बोला, कुमुदताई. … ऐकलं. दोघींनी ऐकलं. … नाही, ऋजुता रडत नाहीये. काकडी बाजूला ठेवून हात धुतेय. … कशाला म्हणजे? अंगठी काढतेय. … साबण लाव गं, ओढू नकोस. … नाही हो बाई, बोट सुजलेलं नाही. अंगठीच घट्ट होती पहिल्या दिवसापासून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तिनं सांगितलं नाही.

… निघाली.

… उद्या पाठवते. पेढ्याच्या डबीत घालून पाठवते, फोटो काढून घ्या. … हॉलचं मी बघीन. … सांगा की! पोरीला डायबेटिस होता म्हणून सांगा. महारोग होता म्हणून सांगा. आम्हीही लोकांना सांगू, मुलगा बोलका नव्हता. … आणि दीनानाथरावांना विचारा, पाठीच्या कण्यासाठी दुकानात काही मिळतं का. मिळालं तर भाच्याला सुरू करा.

… नाही, आता तुम्ही ऐका. तुमच्या त्या… थांबा जरा. … काय वाजलं गं? तुझा मोबाइल? … बघू. … इकडे आण, चष्मा नाही माझा. … अगं, दे.

… अहो बाई, ठेवू नका. तुमच्या चिरंजीवांचा मेसेज आलाय. आत्ताच. … हो, ऋजुताला. … वाचून दाखवते ना, सगळ्यांना कळू दे. 'सॉरी. आई समोर होती. जेवल्यावर गोळी विसरू नकोस.'

… हॅलो? … हॅलो? …

ठेवला. … चल, पानं घे. … टोपली कुठं नेतेस? … कपाटात नको, ऋजुता. फ्रिजवरच राहू दे.